एकच हात दिसला पाहिजे

आमची मुलगी त्या समुद्राची गोष्ट सांगते तेव्हा ती तिच्या बाबांची गोष्ट असते. बाबांनी तिला खांद्यावर घेतलं, बाबा कमरेभर पाण्यातून चालत आले, बाबा एकदाही घाबरले नाहीत. ते सगळं खरंच आहे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि बाबांचे केस दोन्ही मुठींत धरून तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. डोळे मिटलेल्या माणसाला गच्ची कशी दिसणार? मी तिला मधे अडवून कधी काही सांगितलं नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, अजूनही. पण या वहीला मी भीत नाही, म्हणून गच्चीवर जे झालं ते इथे लिहून ठेवते.

त्यासाठी आधी आमच्या घरातली एक सवय सांगायला हवी.

हे भोपाळच्या सरकारी कारखान्यात क्रेन चालवायचे. शेडमध्ये छताजवळ दोन्ही बाजूंना रूळ असतात, त्यावरून क्रेन फिरते, आणि तिच्या पोटाशी पत्र्याची एक केबिन लटकलेली असते. हे त्या केबिनमध्ये बसायचे. खोलीएवढाले यंत्रांचे भाग साखळ्यांनी बांधून उचलायचे आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचे, हे ह्यांचं काम. खाली इतका आवाज की शेजारच्याची हाक शेजारच्याला ऐकू जात नाही. म्हणून खाली एक इशारेवाला उभा असतो. तो हातांनी सांगतो आणि वरचा तसं करतो. हात सरळ वर आणि पंजा उघडा, म्हणजे थांब. हात लांब करून तळवा जिकडे ढकलला, तिकडे चल. त्या हातासमोर दुसरा तळवा आडवा धरला, की हळू. डोक्यावर दोन्ही हातांची फुली, म्हणजे असशील तिथे, त्याच क्षणी थांब. आणि दोन्ही हात पोटापाशी एकमेकांत गुंफले, की काम संपलं, बोजा खाली टेकला.

हे सगळं मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात शिकायला मिळालं, ते माझ्या लाजरेपणामुळे.

मी वर्ध्याकडच्या एका खेड्यातून आले होते, चौथीपर्यंत शाळा झालेली. टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाकीच्या बायका गॅलरीतून वाकून भाजीवाल्याशी, शाळेत निघालेल्या पोरांशी, ड्यूटीवर निघालेल्या नवऱ्यांशी मोठमोठ्याने हिंदीत बोलायच्या. मला ते जमेना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि ‘अहो’ म्हणून ओरडलं तर खालचे दहा सायकलवाले वर बघणार. एकदा ह्यांचा गेट पास टेबलावर राहिला. मी पास घेऊन गॅलरीत धावले. हे खाली सायकलवर टांग टाकत होते, आणि माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. हे गेटपर्यंत गेले, परत आले, तोवर भोंगा होऊन गेला. फोरमनची बोलणी खावी लागली.

संध्याकाळी मी पान वाढून भिंतीशी उभी राहिले. वाटलं, आता रागावणार. हे माझ्याकडे बघून हसायलाच लागले.

“तू काय म्हणते आहेस, ते कळतंय का तुला?”

“मी कुठे काय म्हटलं?”

“हात बघ स्वतःचे. लग्नाच्या दिवसापासून नुसती ‘काम संपलं, काम संपलं’ म्हणत उभी आहेस.”

मी खाली बघितलं. दोन्ही हात पोटापाशी, बोटांत बोटं. मला तशी उभं राहायची सवयच होती. मी पटकन हात सोडले, आणि मलाही हसू आलं. लग्नानंतर ह्यांच्यासमोर मोठ्याने हसले ती पहिली वेळ.

मग जेवण झाल्यावर ह्यांनी मला बाकीचे इशारे शिकवले. इशारेवाल्याने हात अंगाला चिकटवायचे नाहीत, लांबून दिसले पाहिजेत. बोजाकडे बघत बसायचं नाही. जो बोजाकडे बघतो त्याचा हात थरथरतो. क्रेनवाल्याच्या तोंडाकडे बघायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, क्रेनवाल्याला एकच हात दिसला पाहिजे. ‘थांब’ कुणीही म्हणावं, झाडूवाल्यानेही, ते ऐकायचंच. पण चालवायचं एकाच माणसाने. दोघे जण हात हलवायला लागले की बोजा पडतो.

त्या दिवसापासून मी गॅलरीतून ह्यांच्याशी हातांनी बोलू लागले. डबा राहिला, तर थांब. शेजारीण जिन्यात नुकतीच फरशी धुऊन गेली असली, तर हळू. इशारा पोचला की हे सायकलची घंटी दोनदा वाजवायचे, जसं क्रेनमध्ये वाजवतात. शेजारीण म्हणायची, “भाभी के घर तो बिना तार का टेलीफोन है.” पुढेपुढे ब्लॉकमधली पोरंही ते इशारे खेळायला लागली. मला लाज वाटायची, पण बंद मात्र केलं नाही.

आता समुद्राचं.

कारखान्याकडून प्रवासाची सवलत मिळायची. आमच्या ब्लॉकमधली माणसं त्यात गावी जायची, नाहीतर देवाला. हे म्हणाले, यंदा डिसेंबरात समुद्र बघू. ह्यांच्या खात्यातल्या एका कोकणातल्या मेकॅनिकने त्याच्या गावाजवळच्या एका हॉटेलचा पत्ता दिला. ह्यांनी कार्ड टाकलं, आणि उलट टपाली उत्तर आलं: ‘खोली आहे. चादरी आमच्या. मासे खाता की नाही ते कळवावे.’ ते कार्ड मी कितीदा वाचलं असेल. परक्या माणसाने आम्हाला काय खाता म्हणून विचारावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

शेजारणीने विचारलं, “वहाँ कौन-सा मंदिर है?”

“मंदिर नहीं. समुद्र है.”

“सिर्फ समुद्र? बड़े तालाब पे चले जाते, भाभी, टेम्पो से!”

मी टी. टी. नगरच्या बाजारातून मुलीसाठी कापडी टोपी आणली आणि होल्डॉलमध्ये रजई बांधली. आमच्याकडे तेव्हा अशी थंडी की सकाळी नळाखाली हात धरवत नव्हता. रात्रभर आगगाडी, मग दिवसभर लाल बस, शेवटी रिक्षा. एकेक स्वेटर उतरत गेला. हॉटेलच्या दारात उतरलो तेव्हा मुलगी फ्रॉकवर होती आणि तीन स्वेटर माझ्या हातावर होते.

हॉटेल म्हणजे सहा खोल्यांचं घर होतं. खाली तीन, वर तीन, त्यावर मोकळी गच्ची. मागे सुरूची झाडं, पुढे वाळू आणि मग पाणीच पाणी. खोलीत दोन लोखंडी पलंग, एक आरसा, एक माठ. आंघोळीचं पाणी मागच्या अंगणात बंबात तापायचं आणि ते बादलीने खोलीत न्यायचं. मालकीणबाई पन्नाशीच्या, सगळे त्यांना काकू म्हणायचे. ह्यांनी रिक्षातून होल्डॉल उतरवला तशा त्या बघतच राहिल्या.

“रजई? अहो, इथे रजई कुणाला? समुद्राला थंडी वाजत नाही हो आमच्या!”

ओसरीवर एक पितळी घंटा टांगलेली होती. पान तयार झालं की काकू ती वाजवायच्या आणि वरचे पाहुणे खाली यायचे. ह्यांना ती घंटा फार आवडली. जाता-येता हात लावून बघायचे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही तिघे वाळूवर गेलो. मुलीने बराच वेळ समोर बघितलं आणि विचारलं, “बाबा, याचा दुसरा काठ कुठेय?”

“असेल लांब.”

“मग टेकड्या का नाही दिसत?”

तिचं काही चुकत नव्हतं. आम्हाला पाणी म्हणजे आमचा तलाव माहीत. तो पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यात उतरतो, आणि अधेमधे जिथे ठेवला तिथे राहतो. पाणी एका दिवसात दोनदा येतं आणि दोनदा जातं, हे ह्यांनी शाळेत वाचलं असेल, पण वाचलेलं आणि अंगवळणी पडलेलं यात फरक असतो. त्या संध्याकाळी समोरचे काळे खडक कोरडे होते आणि तिथपर्यंत घट्ट ओली वाळू पसरली होती. आम्ही खडकांपर्यंत चालत गेलो, मुलीने फ्रॉकच्या ओच्यात शिंपले भरले, आणि चालत परत आलो. मैदानातून यावं तसं.

हॉटेलात पुण्याचं एक कुटुंब होतं, नवरा, बायको आणि नवऱ्याच्या म्हाताऱ्या आई. बाई दुसऱ्या दिवशी जेवताना मला म्हणाल्या, “भोपाळचे ना तुम्ही? मराठी चांगलं येतं की!”

मी मान हलवली.

हे म्हणाले, “घरी बोलतो ना आम्ही. पुण्यात काय बोलतात?”

आजी ठसका लागेपर्यंत हसल्या. मी मात्र उरलेलं जेवण खाली मान घालून जेवले. मला वाटे, या लोकांना चालता येतं, बोलता येतं, वाळूत साडी दोन बोटांनी वर धरून पाण्यात शिरता येतं. मी पाण्याच्या कडेला उभी राहायचे, हात गुंफून. लाट पायाला लागली की मागे सरायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना भोंग्याच्या वेळेला जाग आली. भोंगा कुठे होता? पण पंधरा वर्षांची जाग ती. मुलीला अजून शिंपले हवे होते, वर्गातल्या प्रत्येक मैत्रिणीला एक. मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी कपडे धुते. खरं म्हणजे पुण्याच्या बाई त्याच वेळी फिरायला निघत आणि मला त्यांच्याबरोबर चालायचं नव्हतं. हे दोघं निघाले तेव्हा वाळू खडकांपर्यंत उघडी होती, मी खिडकीतून बघितली.

कपडे धुवून, पिळून मी गच्चीवर आले तोवर ऊन चढलं होतं. काकू कोपऱ्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी मुलीचा फ्रॉक दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि समोर बघितलं. हे दोघं खडकांवर होते, आमच्याकडे पाठ करून वाकलेले. मधली वाळू दिसेना. तिथे सगळं चकाकत होतं.

“काकू,” मी म्हटलं, “त्या खडकांपर्यंत वाळू होती ना?”

काकूंनी मान वर केली आणि सूप खाली ठेवलं.

“अगो बाई! भरती लागली की. तिकडे कुणी जायला सांगितलं त्यांना?”

“ह्यांना वाटलं, परवासारखंच...”

“समुद्र आहे गो तो, तुमचा तलाव नव्हे!”

त्या कठड्याशी आल्या आणि मला हाताने दाखवू लागल्या. बाजूला एक ओहोळ समुद्राला मिळत होता. ओहोटीला तो वाळूत मुरलेला असतो, कळतही नाही. पण त्याचा खोल चर खडकांच्या आणि हॉटेलच्या बरोबर मधून जातो. भरतीचं पाणी आधी त्या चरात शिरतं आणि ओढ घेतं. सरळ हॉटेलकडे निघालेला माणूस त्यात जातो. “मागे एक जण गेला होता,” त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे बघून दुसरीकडे बोट दाखवू लागल्या.

वाट होती. वाळूचा एक उंचवटा, त्याला त्या दांडा म्हणत, खडकांपासून आधी आडवा सुरूच्या झाडांकडे जात होता आणि तिथून वळून किनाऱ्याला येत होता. गच्चीवरून पाण्याखाली तो फिकट पट्ट्यासारखा दिसत होता. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तो दिसणं शक्य नव्हतं. काकूंचे यजमान बाजाराला गेलेले. होडीवाले ओहोळापलीकडे. काकूंनी स्वयंपाकाच्या बाईला त्यांना आणायला पिटाळलं. “पण त्यांना यायला अर्धा तास लागेल गो,” म्हणाल्या.

मग काकूंनी हाका मारायला सुरुवात केली. त्यांचा आवाज खणखणीत, तरी लाटांपुढे तो कठड्याच्या पलीकडे जाईना. हाका ऐकून पुण्याचे तिघेही वर आले. काय झालं ते कळल्यावर सगळे टॉवेल हलवू लागले, ओरडू लागले. “इकडे नका येऊ!” “तिकडून या, तिकडून!”

ह्यांनी वळून बघितलं. गच्चीवर चार माणसं टॉवेल हलवताहेत. ह्यांनी हात वर करून उत्तर दिलं. मुलीनेही टोपी हलवली.

मग ह्यांना पायाखालचं पाणी दिसलं असावं. ह्यांनी मुलीला उचलून खांद्यावर घेतलं आणि पाण्यात उतरले. सरळ हॉटेलच्या दिशेने.

मी पदर कमरेला घट्ट खोचला. पाण्याच्या टाकीला एक सिमेंटची पायरी होती, तिच्यावर चढले. सूर्य माझ्या पाठीशी होता, म्हणजे ह्यांना माझी नुसती काळी आकृती दिसणार. हात अंगापासून लांब ठेवायला हवे होते. मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली केली.

हे थांबले. गुडघ्याच्या वरपर्यंत पाण्यात, एक पाय पुढे, तिथल्या तिथे थांबले.

पण टॉवेल हलतच होते. पुण्याचे गृहस्थ उजवीकडे हात करत होते, त्यांची बायको डावीकडे, काकू दोन्हीकडे. हे एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. मी ह्यांचं डोकं हलताना बघत होते, आणि मला कळलं की असंच चाललं तर बोजा पडणार.

“हात खाली करा,” मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही.

“हात खाली करा सगळ्यांनी! एकच हात दिसला पाहिजे!”

तो आवाज माझा होता. तिसऱ्या मजल्यावरून जो कधी निघाला नाही, तो त्या गच्चीवर निघाला.

पुण्याचे गृहस्थ म्हणाले, “अहो वहिनी, ही वेळ आहे का... त्यांना सांगायला नको का कुठून...”

“मी सांगते. तुम्ही टॉवेल खाली ठेवा.”

“ठेवा हो खाली!” काकू ओरडल्या. “तिचा माणूस आहे तो!”

टॉवेल खाली गेले. गच्ची एकदम शांत झाली. आता माझे दोन हात होते आणि समोर ह्यांचं तोंड. इतक्या लांबून तोंड काय दिसणार, पण ते कुठे वळलंय ते कळत होतं. ते माझ्याकडे वळलं होतं.

काकू माझ्या पायाशी उभ्या राहून वाट सांगू लागल्या. “आधी त्याला दांड्यावर घे. डावीकडे. म्हणजे आपल्या डावीकडे, त्याच्या नव्हे गो, त्याच्या उजवीकडे...”

“नुसता हात करून दाखवा,” मी म्हटलं. इशाऱ्यात डावं-उजवं नसतं. जिकडे हात, तिकडे माणूस.

काकूंनी सुरूच्या झाडांकडे हात केला. मी हात लांब करून तळवा तिकडे ढकलला.

आता ह्यांच्या जागेवरून बघायचं तर काठ समोर होता. हॉटेल समोर होतं, जेमतेम शे-दोनशे पावलं. आणि बायको म्हणत होती, काठाकडे येऊ नको, आडवा चल, पाण्यातूनच चल. कुणीही विचारलं असतं, का म्हणून? हे वळले आणि आडवे चालू लागले.

मी त्याच वेळी ठरवलं की मुलीकडे बघायचं नाही. तिची टोपी पाण्यात पडून तरंगत गेली, ती मला डोळ्याच्या कडेने दिसली. मी ह्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले.

एक मोठी लाट येताना दिसली की मी पंजा उघडून थांबवायचे. लाट ह्यांच्या पाठीवरून जायची. मग पुन्हा हात लांब. दांड्याच्या कडेशी आले की दुसरा तळवा आडवा धरायचे, हळू. हळूला हे खरंच हळू व्हायचे, एकेक पाऊल चाचपत. माझे खांदे भरून आले होते. हात खाली सोडला तर ह्यांना वाटेल, संपलं. म्हणून सोडता येत नव्हता.

वळणापाशी आल्यावर काकू म्हणाल्या, “आता वळव!” मला अर्धा क्षण उशीर झाला. हे एक पाऊल पुढे गेले आणि छातीपर्यंत खाली गेले. मुलगी किंचाळली असेल, ऐकू काही आलं नाही. मी फुली केली. हे तसेच उभे राहिले, दोन्ही हातांनी तिचे पाय धरून. मी तळवा उलटा ढकलला. ह्यांनी एक पाऊल मागे घेतलं आणि पुन्हा वर आले. मग मी किनाऱ्याकडे हात केला.

तिथून पुढे पाणी उतरत गेलं. कंबर, मांड्या, गुडघे. शेवटी मुलगी खांद्यावरून उतरली आणि स्वतःच्या पायांनी कोरड्या वाळूवर उभी राहिली. हे तिच्या शेजारी उभे राहून वर माझ्याकडे बघत होते. अजून उभेच होते. मग माझ्या लक्षात आलं, हे कशाची वाट बघताहेत.

मी दोन्ही हात पोटापाशी आणले आणि बोटांत बोटं गुंफली.

हे हलले. मी मात्र त्या पायरीवर मटकन खाली बसले.

खाली ओसरीवर घंटा वाजली. दोनदा. एका खोलीत एक म्हातारे गृहस्थ उतरलेले होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते हात धुवून पानावर येऊन बसले आणि विचारू लागले, “आज इतक्या लवकर?”

मी खाली आले तेव्हा मुलगी काकूंच्या लुगड्यात गुंडाळलेली होती आणि रडत होती ती टोपीसाठी. ह्यांच्या सगळ्या अंगातून पाणी गळत होतं. होडीवाले आले, पाणी बघितलं, ह्यांना बघितलं. त्यातला एक म्हणाला, “दांड्यावरून आलात? कुणी दाखवला?” ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. तो मला दोनदा वरपासून खालपर्यंत बघून गेला.

पुण्याचे गृहस्थ थोड्या वेळाने जवळ आले. “वहिनी, मघाशी मी जरा... म्हणजे, कुठे शिकलात हो हे?”

“घरी,” मी म्हटलं.

त्यांच्या आई म्हणाल्या, “बघ रे. घरी शिकलीय. तुला घरी चहा करता येत नाही.”

मी घरून आणलेली रजई त्या दुपारी कामाला आली. मुलीला तिच्यात गुंडाळून निजवलं. काकूंनी ते बघितलं आणि आणखी एक उशी आणून दिली.

संध्याकाळी हे ओसरीवर बसले होते. मी विचारलं, “सरळ समोर काठ दिसत होता. मनात नाही आलं, की हिला काय कळतंय म्हणून?”

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वेडपट विचारलं.

“तू हात आडवा केला होतास.”

एवढंच. थोड्या वेळाने म्हणाले, “चूक माझी होती. पाणी परत येतं हे डोक्यातच आलं नाही.” आणि मग, “कारखान्यात एवढा वेळ हात वर धरणारा माणूस मी बघितलेला नाही.”

पुढचे दोन दिवस आम्ही तिथेच राहिलो. काकूंनी घंटेच्या खाली एक पाटी टांगली आणि तिच्यावर भरती-ओहोटीची वेळ लिहायचं ठरवलं. मला म्हणाल्या, “तू लिही. तुझ्या हातावर माझा विश्वास बसलाय.” मी खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं. पाहुणे येता-जाता ते वाचायचे, पुण्याच्या बाईसुद्धा. शेवटच्या दिवशी मी पाण्यात गेले. साडी दोन बोटांनी वर धरून, गुडघ्यापर्यंत. लाट आली तेव्हा मागे सरले नाही.

भोपाळला परतलो. थंडी तशीच होती. ह्यांनी कँटीनमध्ये सगळ्यांना सांगितलं असणार, कारण पहिल्याच रविवारी ह्यांचे इशारेवाले घरी आले. वयाने मोठे, मध्य प्रदेशातल्याच सागर जिल्ह्यातले, वीस वर्षं शेडमध्ये तेच काम केलेले. मी चहा ठेवला. ते म्हणाले, “भाभीजी, चाय बाद में. पहले दिखाइए, आपने कैसे किया.”

हे कोपऱ्यात बसून हसत होते. मी ओट्याजवळ उभी राहून सगळे इशारे करून दाखवले, थांब, चल, हळू, फुली. ते चष्म्यातून बारकाईने बघत होते, जसं शाळेत गुरुजी पाढे ऐकताना बघायचे. मी हात गुंफून संपवलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “सब ठीक है. बस कोहनी मुड़ जाती है आपकी. कोहनी सीधी रखा कीजिए, दूर से साफ दिखता है.”

‘शाबास’ म्हणाले असते तर मी विसरूनही गेले असते. त्यांनी माझी चूक काढली, जशी ते कामावर नव्या इशारेवाल्याची काढतात.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा डबा राहिला. मी गॅलरीत आले, हात वर केला, आणि कोपर सरळ ठेवलं. खालून घंटी दोनदा वाजली.